फूल दिसापर्यंत

पहिली मिळाली ती लोण्याची डबी.
तीन वर्षं मी ती साबणाला वापरली.

मिशनच्या बंगल्याचा लिलाव, वेंगुर्ल्यात, भर दुपारी.
खाटा गेल्या, कंदील गेले, पायपेटी गेली,
उरलं ते खोकं मला साडेसात रुपयांना.
ड्रॉइंग मास्तरला काय, कसलीही भांडी चालतात
वस्तुचित्राला.

मग एका सकाळी साबण संपला
आणि डबीच्या बुडाशी, बुळबुळीखाली,
हिरव्या शाईत परदेशी अक्षरं.
कोश काढून लावली:
हाताने रंगवलेलं. चकाकीच्या आत.

एकतीस वर्षं मी पोरांना सांगत आलो,
पान एका दमात काढा रे,
कुंचला दाबा, ओढा, उचला, गिरवू नका.
आणि कुणीतरी टेनेसीच्या डोंगरात बसून
तेच करत होतं, दिवसाला शेकडो वेळा,
पगारासाठी, गिरवायला वेळ नसताना.
पानाची शेपटी दरवेळी उजवीकडे फाकलेली,
म्हणजे हात डावरा.
बाई होती, हे मात्र मीच ठरवलं.

मडमीण जाताना वाटून गेली होती बरंच.
सायकलवरून शोधत हिंडलो.
उभादांड्याला इनास फर्नांडिसकडे वाढायचं मोठं ताट,
त्यावर आमसुलं सुकत घातलेली.
दाभोलीच्या न्हाव्याकडे
चोच असलेलं रश्शाचं भांडं, आत तुरटी.
किटलीचं नुसतं झाकण
पोस्टातल्या डिंकाच्या बाटलीवर;
किटली कुठे गेली, देव जाणे.
प्रत्येक वस्तू मी आधी उलटी करायचो.
भट्टीतल्या तिवईचे तीन ठिपके असायचे खाली,
देवी टोचल्यासारखे.
कुंदा म्हणायची,
लोक भेटले की चेहरा बघतात, तुम्ही बूड बघता.

ताटल्या आठ असणार. सात फळीवर लागल्या,
पिवळं फूल, तांबडा गाभा, डावरी पानं.
सुट्टीत मी त्या खाली काढून पुसायचो,
परत लावायचो.
त्यांत कुणी कधी जेवलं नाही.

आठवी मांडवीला, शेवंती गिरपच्या घरी.
तिची आई बंगल्यावर भांडी घासायची.
ताटली मांडणीत नव्हतीच,
चुलीपाशी होती, ओली.
मी आकडा सांगितला. वाढवला. परत वाढवला.
ती तिरफळं ठेचत होती, थांबली नाही.
“ही इकूची नाय, मास्तर. जेवक बसा.”

उकड्या तांदळाचा भात,
वर बांगड्याचं तिखलं, लालभडक,
काठापर्यंत.
“आये आमका सांगी,
फूल दिसापर्यंत जेव.
मडमीण आपल्या झिलांक सांगी, तसा.”

तर मी जेवलो.
आधी काठाची हिरवी रेघ आली,
मग भाताच्या कडेने एक पान,
उजवीकडे फाकलेलं,
मग पाकळ्या. दोन घासून गेल्या होत्या,
गाभ्याचा तांबडा रश्शाने झाकलेला
की रश्शाचाच, कळेना.
ताटली उलटी करायला हात शिवशिवत होता,
पण वर भात होता.
ती म्हणाली, अजून घेवा.
फूल परत गेलं.

नंतर तिने राख घेतली, नारळाचं सोडण घेतलं
आणि घासली,
माझ्या दाढा आवळल्या,
पन्नास वर्षं घासत होती तशीच घासली,
आणि पालथी घातली दगडावर.
तेव्हा दिसलं बूड.
हिरवी अक्षरं नव्हती.
ठिपके होते, तीन,
त्यातल्या एकावर माशी.

खाडीला भरती लागली होती.
सायकल हातात धरूनच आलो पुलापर्यंत,
बोटांना तिरफळाचा वास.

फळीवरची आठवी जागा अजून तशीच आहे.
कुंदा तिथे हल्ली चष्मा ठेवते.